तुम्हाला मोटार येत होती तर!

प्रिय अहो,

तुमचं नाव मी लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. आता कागदावर तरी कशाला घेऊ? मी 'अहो' म्हटलं की तुम्ही ओ द्यायचा, तशीच आताही द्या. पत्रही तुम्हाला पहिल्यांदाच लिहितेय. तशी वेळच कधी आली नाही. मला सोडून तुम्ही कधी चार दिवस कुठं राहिलात? हे आत्ताच काय ते गेलात!

दुःख कळवायला लिहीत नाहीये. ते तुम्हाला न सांगता कळलं असेल. मी लिहितेय भांडायला. आणि खरं सांगायचं तर भांडायलाही नाही, विचारायला.

गेल्या सोमवारी याकूबभाई येऊन गेले. जुन्नरहून एसटीनं आले, काठी टेकत. डोळ्यांचं ऑपरेशन झालं म्हणून ते मुलाकडं होते, तुम्ही गेल्याचं त्यांना उशिरा कळलं. ओट्यावर बसले, पाणी प्यायले, तुमच्या फोटोकडं बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "वैनी, भाऊंवानी गाडी चालवनारा मानूस मी दुसरा बघितला न्हाई."

मी म्हटलं, "सायकल म्हणताय ना?"

"सायकल कशाला? मोटर! आप्पांची मोटर."

मला हसूच आलं. म्हटलं, "याकूबभाई, डोळ्यांबरोबर आठवणीचंही ऑपरेशन झालं की काय? यांनी पाडव्याच्या दिवशी सगळ्या गावासमोर मोटार उकिरड्यात घातली, तेव्हा तुम्हीच तर ती बाहेर काढली होती."

तर तो म्हातारा माझ्याकडं बघतच राहिला. "म्हंजी भाऊंनी तुमाला शेवटपर्यंत सांगितलंच न्हाई व्हय?"

काय नाही सांगितलं? काय होतं सांगायचं? तुमच्याबरोबर उभा जन्म काढला, तुम्हाला कारलं आवडत नाही आणि शिंक आली की उजवा डोळा आधी मिटतो, इथपर्यंत मला सगळं ठाऊक. आणि तुम्हाला मोटार चालवता येत होती, हे मला जुन्नरहून येऊन कुणी सांगावं?

तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. दूध दोनदा उतू गेलं. एकच विचार डोक्यात, की या माणसानं असं का केलं असेल?

पहिल्यापासून आठवून बघते. तुम्हीही बघा.

मी मंचरची, मास्तरांची मुलगी. सातवीची फायनल पास होऊन नारायणगावला तुमच्या घरी आले, ती खोडदच्या शाळेतली नोकरी पदरात घेऊनच. मामंजींनी, म्हणजे तुमच्या आप्पांनी, लग्नाआधी माझ्या वडिलांना शब्द दिला होता की सुनेला शिकवू देऊ. शब्द दिला आणि मग पस्तावले, पण शब्दाचे पक्के. तुमचा मळा खोडदच्या अलीकडं, तुम्हाला रोज तिकडं जायचंच होतं. त्यामुळं सायकलच्या कॅरियरवर घोंगडीची घडी बांधून माझी सोय झाली. कुंदा झाल्यावर पुढच्या दांडीवर तिची लाकडी सीट आली. हँडलला माझा डबा, तुमचा डबा आणि कधीकधी मळ्यात न्यायची खुरपी. एवढं सगळं घेऊन तुम्ही खोडदपर्यंत पायडल मारायचा आणि वर शीळ घालायचा!

पण सरळ जाऊन कुठं बसता यायचं मला? आत्याबाईंचा, तुमच्या आईंचा, दंडक होता. गावात सुनेनं सायकलवर बसायचं नाही. घरातून निघताना तुम्ही सायकल हातात धरून पुढं, मी पदर घेऊन मागं. शेवटचं घर मागं पडलं की इकडंतिकडं बघून मी टुणकन बसायची. मग वाटेतलं हिवरं आलं की पुन्हा उतर. गाव ओलांडलं की बस. मधली वाडी आली की उतर. पारावर कुणी वडीलधारं दिसलं की तुम्ही उतरायचा, मारुतीचं देऊळ आलं की दोघंही उतरायचो. लोक म्हणायचे सायकलवर जातात, मी म्हणायची सायकलला फिरवायला नेतात.

तरी तो रस्ता मला किती प्रिय होता, कसं सांगू!

आपल्या घरात नवरा-बायकोनं दिवसाउजेडी एकमेकांशी बोलायचं नसतं, हे मला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी कळलं. तुम्हाला टॉवेल हवा असला की तुम्ही मांजरीला विचारायचा, "मने, टावेल कुठं हाय गं?" आणि मी मांजरीला सांगायची, "खुंटीवर आहे म्हणावं." ती बिचारी दोघांकडं बघायची. खोलीत कुजबुजावं तर पडद्यापलीकडून आत्याबाई खोकायच्या. कधी आपण नुसतं एकमेकांकडं बघून हसलो तरी जाऊबाईंच्या हातातलं भांडं वाजायचं.

पण शेवटचं घर मागं पडलं, की माझं तोंड सुटायचं. ठमीनं पाटीवर काय काढलं, हेडमास्तरांचं धोतर खिळ्यात कसं अडकलं, आत्याबाई काल मला काय बोलल्या आणि मी मनात काय उत्तर दिलं, मंचरच्या पत्रात काय आलं, कुंदाला पुढं काय शिकवायचं. सगळं. हिवरं आलं की वाक्य अर्धं तोडायचं, पदर ओढायचा, मुक्यानं गाव ओलांडायचं आणि पलीकडं गेल्यावर जिथं तोडलं तिथून पुन्हा धरायचं. तुम्ही म्हणायचा, "हं." नाहीतर, "बरं मंग?" याच्यापलीकडं काही नाही. मला तुमची पाठच तेवढी दिसायची. सदऱ्यावर घामाचा नकाशा, वर टोपी.

तो दिवस आठवतो का, भांडणाचा? कुंदाच्या कानांवरून आपलं वाजलं होतं. आत्याबाईंनी तिचे कान टोचायला सोनाराला बोलावलं आणि मला विचारलंही नाही. मी जी सुरू झाले ती थांबेना. "पोर माझी की तुमच्या आईची? तुम्ही समोर असून गप्प कसे बसलात?" माझं सुरूच. आणि एकदम जाणवलं, की आजूबाजूला घरं आहेत. हिवऱ्याच्या मधोमध होतो आपण! मी उतरायचीच विसरले होते. पारावरची सगळी पागोटी आपल्याकडं वळलेली. तेवढ्यात पारावरचे ते सगळ्यात थोरले बाबा, ज्यांच्या धाकानं कुत्रंही भुंकायचं नाही, ते ओरडले, "ए पोरी, आता नको उतरू! भांडान पुरं कर, आमाला बी ऐकू दे!"

सगळा पार हसला. तुमचे खांदे हलत होते. तुम्ही सायकल थांबवलीच नाहीत. संध्याकाळी आपण घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती आणि आत्याबाईंनी मला दोन दिवस ताकाचा थेंब वाढला नाही, पण हिवऱ्यात त्या दिवसापासून मी उतरणं सोडलं. बाबा रोज विचारायचे, "आज काय न्हाई व्हय भांडायला?"

आणि मग ती मोटार आली.

पुण्याच्या कुण्या साहेबाची जुनी, हिरव्या रंगाची. मामंजींच्या कांद्याच्या आडतीचं नाव तेव्हा जोरात होतं, आडतीवाल्याच्या दारात मोटार हवी असं त्यांच्या मनानं घेतलं. आत्याबाईंनी तिला ओवाळलं, दोन्ही दिव्यांना हळदकुंकू लावलं. जुन्नरचा याकूब ड्रायव्हर म्हणून तिच्याबरोबरच आला. मिसरूड फुटलेलं पोरगं, पण हँडल फिरवून मोटार सुरू करायचा तेव्हा अख्खी आळी बघायला उभी राहायची.

पहिल्या चतुर्थीला सगळे ओझरला गेलो, गणपतीला. पुढं याकूब, मध्ये मामंजी, दाराला चिकटून तुम्ही. मागं आत्याबाई, जाऊबाई, मी आणि मांडीवर कुंदा. खिडक्यांना आत्याबाईंनी जुन्या लुगड्याचे पडदे शिवले होते. पाय ठेवायला नारळांची पिशवी. जाऊबाईंना वाटेत उमळून आलं, तर गाडी थांबवा म्हणायचं कुणी? मामंजींसमोर सुना बोलणार कशा? शेवटी कुंदाच किंचाळली तेव्हा थांबली. गणपती भेटला, पण ओझरचा रस्ता काही मला दिसला नाही. सायकलवरून जाताना नदी केवढी दिसायची!

मला वाटलं, चला, चतुर्थीची हौस आहे, होऊ दे. पण बाजारात कुणीतरी मामंजींना टोमणा मारला, "काय आप्पा, दारात मोटर आन् सून सायकलीवर? मोटर काय कोंबड्या बसवायला घेतली का?"

झालं. त्या रात्री पंगतीत हुकूम सुटला. "पाडव्यापास्नं सूनबाई मोटरनं जाईल. सायकल बंद. लोक हसत्यात आपल्याला." मग तुमच्याकडं बघून म्हणाले, "तू याकूबकडनं शिकून घे. तूच नेत जा, तूच आणत जा. आन् ज्या दिशी मोटर दुकानाच्या कामाला लागंल, त्या दिशी शाळा ऱ्हाईल."

मी वाढत होते. भाकरी हातात तशीच राहिली. मोटार दुकानाच्या कामाला लागणार नाही असा दिवस आठवड्यात किती वेळा येतो, ते मला ठाऊक होतं. मी त्या शाळेतली एकटी बाई. माझ्याकडं बघून खोडदच्या आया मुलींना पाठवायच्या. 'बाई आज येणार का?' असं एकदा त्या आयांनी विचारायला लागायचा अवकाश, की मुली घरी बसणार आणि मुली घरी बसल्या की बाई कशाला हवी? मामंजी शब्द मोडणार नव्हते, तो नुसता कांद्याच्या गाडीखाली सापडणार होता. आणि मी काही बोलू शकत नव्हते. मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही खाली मान घालून आमटी ओरपत होता. इतका राग आला तुमचा!

दुसऱ्या दिवशी सायकलवर विचारलं, तर म्हणालात, "शिकतो. बघू." बस, एवढंच.

मग रोज मळ्यातलं काम उरकून तुम्ही याकूबबरोबर माळावर जायला लागलात. घरी आलात की हात काळे, तोंड पाडलेलं. मामंजींनी विचारलं की म्हणायचा, "जमंना आप्पा. बैल बरा."

आणि पाडवा उजाडला. मोटारीला झेंडूच्या माळा. मामंजींनी नवा फेटा बांधला होता. आडतीवरची सगळी माणसं, अर्धी पेठ दारात उभी. नारळ फुटला. तुम्ही एकटे आत बसलात, याकूबला बाहेरच उभं केलंत. मी माजघराच्या दारातून बघत होते, देवाचं नाव घेत होते. मोटार सुरू झाली, नीट चार हात पुढं गेली, लोक "वा!" म्हणाले, आणि मग ती वळली ती थेट गोठ्यामागच्या उकिरड्यात! कोंबड्या उडाल्या, माळा शेणात, मोटारीचं निम्मं नाक आत. मग जे हसू फुटलं! मामंजी फेटा काढून म्हणाले, "ह्याच्या हातात नांगर द्या रे. चाक नको!"

तिथंच वाद मिटला. मामंजी म्हणाले, "मंग याकूब नेईल तिला." तर आत्याबाई कडाडल्या, "परक्या तरण्या पोराबरुबर सून एकली? शोभतं का आपल्याला?" तेव्हा तुम्ही अंगावरचं शेण झटकत, अगदी गरीब तोंड करून म्हणालात, "मला मळ्यात जायाचंच हाय आप्पा. सोडतो जाता जाता सायकलीवर."

आणि सोडत राहिलात. मी खोडदला शिकवलं, मग नारायणगावला बदली झाली तरी सुट्टीत मंचरला, ओझरला, लग्नाकार्याला आपण सायकलवरच गेलो. कुंदा मोठी झाली, ती तिच्या सायकलवर आणि मी तुमच्या मागं. मोटार केव्हाच भंगारात गेली. पण गावानं तुम्हाला सोडलं नाही. तुम्ही दिसलात की कुणीतरी "पों पों!" ओरडायचंच, आणि तुम्ही घंटी वाजवून दाद द्यायचा. आणि मी? दर दिवाळीला फराळाला बसलं की मी नातवंडांना ती गोष्ट सांगायची. कोंबड्यांसकट, माळांसकट. पोरं लोळायची हसून. तुम्ही कोपऱ्यात चकली मोडत बसायचा. एकदा तरी म्हणायचं होतं, "अगं, तसं नव्हतं ते"!

कारण कसं होतं, ते याकूबभाईंनी सोमवारी सांगितलं. तुम्ही तर म्हणे आठवड्याभरात शिकलात. माळावर मोटार पळवायचा. "आन् मागं घ्यायला तर माज्यापरीस भारी," म्हणाले. पाडव्याच्या आदल्या दिवशी तुम्ही त्यांना बांधावर बसवलंत आणि सांगितलंत, "याकूब, उद्या म्या मोटर उकिरड्यात घालनार हाय. ब्रेक येळेवर मारतो, तुज्या मोटरीला काय व्हणार न्हाई. तू फकस्त त्वांड बंद ठेव." ते घाबरले. नोकरी जाईल म्हणाले. तुम्ही त्यांना गळ्याची शपथ घातलीत.

आता आठवतं, उकिरड्यातून काढून धुतल्यावर मोटारीवर ओरखडासुद्धा नव्हता! सगळे म्हणाले देवाची कृपा. देवाची कसली? माळावर याकूबला मागं सारून घटवलेल्या हाताची! आणि आत्याबाई काय म्हणणार, तेही तुम्हाला आधीच ठाऊक होतं ना? स्वतःच्या आईला पुरतं ओळखून होता तुम्ही.

पण का? याकूबभाईंना विचारायचं मला त्या दिवशी सुचलंच नाही. मी इतकी चिडले होते की चहात साखर घालायची विसरले आणि ते बिचारे तसाच पिऊन गेले.

मग मीच तर्क करत बसले. माझ्या नोकरीसाठी केलंत म्हणावं, तर तसं मला सांगायला काय हरकत होती? मी काय गावभर करणार होते? आप्पांशी हट्ट म्हणावा, तर तुम्ही त्यांच्यापुढं कधी आवाज चढवला नाहीत. मोटारीचा कंटाळा म्हणावा, तर माळावर पळवत कशाला होता? पुढं कधी मी विचारलं, की गाडी का नाही हो शिकलात, तर म्हणायचा, "पेट्रोलचा वास सोसत न्हाई." आणि एसटीच्या पहिल्या बाकावर, इंजिनाला चिकटून, मजेत बसायचा! बघा, किती खोटं बोललात.

चार दिवस मी हेच चघळत होते. शेवटी कुंदाला फोन केला, म्हटलं मला जुन्नरला ने.

तुमची कुंदा आता स्वतःची गाडी चालवते, मंचरहून इकडं तासाभरात येते. तुम्ही गेल्यापासून ती मला दवाखान्यात नेते, बँकेत नेते. मी मागं बसते आणि खिडकीबाहेर बघते. घरात मुलगा-सून आहेत, तरी माझं बोलणं कमीच झालंय. सून म्हणते आई अबोल झाल्या. काय बोलू? कुणाला सांगू? जेवलीस का, औषध घेतलंस का, हो म्हटलं की संपलं.

जुन्नरला गेलो. कुंदा गाडी लावायला जागा शोधत राहिली आणि मी पुढं आत गेले. याकूबभाई दारातच खाटेवर बसले होते. मी नमस्कार-चमत्कारही केला नाही. उभ्या उभ्या विचारलं, "याकूबभाई, का केलं हो त्यांनी तसं?"

ते म्हणाले, "मी बी इचारलं व्हतं वैनी. बांधावर. म्हटलं भाऊ, मोटर कुनाला नको आस्ती? वर गाव हसंल तुमाला. तर भाऊ म्हनले..." आणि ते थांबले. लाजले की काय, कोण जाणे.

"काय म्हणाले?"

"म्हनले, याकूब, त्या दिशी ओझरला जाताना बघितलंस का तिला? सायकलीवर बसली की नुसता चिवचिवाट आस्तो तिचा. शाळंतल्या पोरी काय म्हनल्या, आई काय म्हनली, समदं सांगती. मोटरीत बसली आन् गप झाली. जाताना गप, येताना गप. म्या चालवली तरी ती मागं पडद्यातच बसनार, आन् इंजिनाच्या आवाजात काय ऐकू येनार? मला न्हाई बाबा ती तसली गप चालत."

मी खाटेवरच बसले त्यांच्या शेजारी. म्हटलं, "आणि शाळेचं? माझ्या नोकरीचं?"

"त्ये बी म्हनले आसतील," ते म्हणाले. "आता सगळं कुटं आठवतं. पन ह्ये ध्यानात ऱ्हायलं."

मला रडू आलं हो. तुम्हाला नेलं तेव्हाही इतकं आलं नव्हतं. याकूबभाईंच्या सुनेनं चहा आणला, तो तसाच निवला. कुंदा आत आली, म्हणाली काय झालं? याकूबभाई म्हणाले, "भाऊंची आठवन निघाली." शपथ अजून पाळतात, भला माणूस.

एक रुखरुख मात्र माझी राहतेच, आणि त्यात तुमचाच दोष. इतकं ऐकत होता, तर एकदा मागं वळून का नाही बघितलंत? "हं" आणि "बरं मंग" यावर मी इतकी वर्षं काढली. कितीदा चिडून विचारलं, "ऐकताय ना? की बाभळीशी बोलतेय मी?" तुमची पाठ तेवढी मला पाठ झाली. मी बोलायची तेव्हा तोंड कसं व्हायचं तुमचं? कंटाळायचा? हसायचा? ते या डोळ्यांनी कधी बघितलंच नाही मी.

आणि परत निघताना गाडीपाशी मला एकदम सुचलं. अहो, कुंदा तर पुढं बसायची की! तुमच्या दोन हातांच्या मध्ये!

मी मागचं दार उघडलं होतं, ते लावलं आणि पुढं जाऊन बसले. कुंदा बघतच राहिली. गावाबाहेर पडलो तसं मी विचारलं, "कुंदे, लहानपणी सायकलवर मी मागून बोलत असायची, तेव्हा तुझे आबा काय करायचे गं?"

तिनं गाडीचा वेग जरा कमी केला. समोर रस्त्याकडं बघत होती. मग म्हणाली, "हसायचे. आवाज न करता. मी मध्ये काही बोलायला गेले, की हँडलवरचा एक हात सोडून ओठांवर बोट ठेवायचे आणि हळूच म्हणायचे, थांब, आई बोलतीय."

मग नारायणगाव येईपर्यंत मी थांबले नाही. कुंदाला काय काय सांगितलं! ठमीचं, हेडमास्तरांच्या धोतराचं, तिच्या कानांवरून झालेल्या भांडणाचं. एका हातानं ती डोळे पुसत होती आणि हसत होती, मी म्हटलं, आधी गाडी नीट चालव.

पण उकिरड्याचं खरं तिला सांगितलं नाही. सांगणारही नाही. तुम्ही एवढा जन्म हसू झेलून जे जपलंत, ते मी एका दुपारी उधळू होय? येत्या दिवाळीला नातवंडं मागतील तेव्हा कोंबड्यांसकट तीच गोष्ट सांगेन, की तुमच्या आजोबांना मोटार काही येत नव्हती. पोरं हसतील. खरं काय ते आपल्या दोघांत राहील, आणि याकूबभाईंत.

आणि अजून एक शब्द देते. मामंजी नाहीत, आत्याबाई नाहीत, खिडकीला पडदे नाहीत. कुंदाची मोटार असो, सुनेची असो, नाहीतर तुम्ही आलात तिथं यायची वेळ आल्यावर जे काही न्यायला येईल ते असो, आता मी गप बसणार नाही. तुम्ही तिकडं कान देऊन बसा.

तुमचीच,
वत्सला